बाही साडेसव्वीस

"पाठीत, दोन खांद्यांच्या मधोमध, कुणीतरी कापड टर्रकन फाडावं तसं झालं गं," ताई फोनवर म्हणाली होती.

मधलीनं तेव्हा फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरला होता. मांडीवर पाच महिन्यांची गोटी तापानं किरकिरत होती, एका हातात औषधाचा ड्रॉपर, दुसऱ्या हातात घड्याळ. लेकीचे श्वास मोजायची तिला सवयच लागली होती. मिनिटाला बेचाळीस की चव्वेचाळीस, एवढाच प्रश्न त्या दुपारी तिला जगात महत्त्वाचा वाटत होता.

"अ‍ॅसिडिटी असेल," ती म्हणाली. "आठव्या महिन्यात होतंच. गार दूध पी आणि डाव्या कुशीवर जरा पड."

"अ‍ॅसिडिटी पाठीत होते?"

"तुला कुठेही होईल. तुझं सगळंच जगावेगळं."

ताई हसली. हसता हसता मधेच थांबली. "बरं, ठेवते," म्हणाली.

दोन तासांनी ती स्वयंपाकघराच्या दारात कोसळली. ओट्यावर दुधाचं रिकामं भांडं होतं. मधलीनं सांगितलं तसं तिनं केलं होतं, तंतोतंत. ताई गेली, पोटातलं बाळही गेलं. दाखल्यावर लिहून आलं, हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू. मधलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हृदयक्रिया चालू ठेवून कोण मरतं?

आणि शिंप्याच्या मुलीला कापड फाटल्याचा आवाज ठाऊक असतो. ताईनं ती उपमा उगाच दिली नव्हती. हे मधलीच्या डोक्यात आलं तेव्हा फार उशीर झाला होता, आणि मग ते डोक्यातून जाईना.

बाबांचं दुकान मोठ्या रुग्णालयाच्या अगदी समोर, रस्त्याच्या या बाजूला. डॉक्टरांचे पांढरे कोट, सिस्टरचे गणवेश, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे झगे, तीस वर्षं हेच काम. दुकानाचा एक कायदा होता. दुसरे शिंपी माप घेताना मोठ्यानं ओरडतात, "छाती छत्तीस, कंबर चाळीस," आणि दुसरं कुणी लिहून घेतं. बाबा ओठ मिटून माप घ्यायचे आणि स्वतःच वहीत लिहायचे. तरुणपणी एकदा त्यांनी एका मुलीच्या वाकड्या खांद्याचं माप चारचौघांत उच्चारलं होतं. ती रडत रडत निघून गेली आणि पुन्हा कुठल्याच दुकानात गेली नाही म्हणे. तेव्हापासून बाबांचा नियम होता, माप बोलायचं नाही, लिहायचं. कपडा माणसाला बेतायचा, माणसाला नाव ठेवायचं नाही.

घरातही तेच. तीन मुलींना आईविना वाढवलं, तिघींचे कपडे स्वतः शिवले. ताईच्या बाह्या लांब, छोटीच्या त्याहून लांब. बाबा निमूटपणे कापड जास्त घ्यायचे. मधली तेवढी बाबांवर गेलेली, बुटकी, आखूड हातांची. "हिला उरलेल्या तुकड्यात बसवलंय," असं ताई चिडवायची. छोटी तर फक्त नावाची छोटी. शाळेत तिला सगळे बांबू म्हणत. आता ती वाचनालयात कामाला होती आणि सगळ्यात वरच्या फळीवरचं पुस्तक शिडीशिवाय काढायची. जाड भिंगांचा चष्मा, लांब बोटं, आणि हसताना अंगठा उलटा वाकवून मनगटाला टेकवायची खोड. तिच्या लग्नाआधी पाहुण्यांसमोर बाबांनी तेवढं नको म्हणून सांगितलं होतं. छोटीनं नेमकं तेच करून दाखवलं, आणि नवऱ्याला तेच आवडलं.

ताईला जाऊन दहा महिने झाले, तेव्हाची गोष्ट. मधली दुपारची गोटीला घेऊन दुकानात बसायची. गोटी आता चालायला लागली होती आणि हाताला येईल ते तोंडात घालत होती. त्या दिवशी तिनं कापडावर खुणा करायचा निळा खडू अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा लपवायला मधलीनं खालचा ड्रॉवर ओढला. मोडक्या कात्र्या आणि बटणांच्या डब्यामागे एक लांबट पाकीट होतं, रुग्णालयाच्या शिक्क्याचं. न उघडलेलं. तारीख सात महिन्यांपूर्वीची.

आत ताईचा शवविच्छेदनाचा अहवाल होता. मधलीचं शिक्षण विज्ञानाचं, लग्नाआधी ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची, त्यामुळे असल्या भाषेला ती बुजत नव्हती. तरी तिनं तो तीनदा वाचला. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला, महाधमनीला, आतून चीर पडली होती. रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसत गेलं, आणि शेवटी बाहेरचा थरही फुटला. त्याखाली, अगदी शेवटी, दोन ओळी होत्या. हा दोष घराण्यात असू शकतो. रक्ताचे नातेवाईक, भावंडं यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी, विशेषतः गर्भारपणाचा विचार असल्यास त्याआधी.

त्याआधी. आणि छोटीला सातवा महिना लागला होता.

"बाबा, हे काय आहे?"

बाबा मशीनच्या सुईत दोरा ओवत होते. "ताईचा कागद आहे. समोरचा शिपाई इथेच देऊन गेला."

"उघडला का नाही?"

"उघडून काय? ती परत येणार होती?"

"ती नाही हो! छोटी! छोटीसाठी लिहिलंय यात! हा कागद ड्रॉवरमध्ये पडून होता आणि तिला दिवस गेले!"

"ओरडू नकोस. पोर घाबरेल."

पोर निळ्या तोंडानं टाळ्या वाजवत होती. मधलीनं इकडेतिकडे पाहिलं. खुंटीवर दुरुस्तीला आलेला एक जुना कोट होता, त्याच्या बाहीचं अस्तर उसवलेलं. तिनं तो बाबांच्या पुढ्यात टाकला. "हात घाला."

"काय चाललंय तुझं?"

"घाला हो बाबा."

बाबांनी हात घातला. हात बाहीत न जाता अस्तर आणि कापड यांच्या मधे शिरला आणि कोपरापाशी अडकला.

"हे असं झालं ताईला," मधली म्हणाली. "नळीचं अस्तर उसवलं. रक्त आतून जायचं ते या मधल्या फटीत घुसलं. हात जितका जोरानं घालाल तितकं अस्तर आणखी उसवतं ना? तसंच."

"आणि वरचं कापड?"

"शेवटी तेही गेलं."

बाबांनी हात काढला नाही. कोट तसाच हाताला लटकत राहिला. ते म्हणाले, "तुझी आई. छोटीच्या वेळी. बाळंतपण छान झालं होतं. बाराव्या दिवशी म्हणाली, पाठ. एवढंच म्हणाली. लोक म्हणाले, वात झाला."

मधलीला आई आठवत नव्हती. ती तेव्हा चार वर्षांची होती. घरात आईबद्दल बोलणं नसे, जसं दुकानात मापाबद्दल नसे.

"चला माझ्याबरोबर समोर," ती म्हणाली. "डॉक्टरांना हे तुम्ही सांगा."

"माझ्याच्यानं नाही व्हायचं." ताईला त्या दारातून बाहेर आणल्यापासून बाबांनी तो रस्ता ओलांडला नव्हता. तयार कोट न्यायला तिकडचीच माणसं यायची.

मधलीनं आधी स्वतःची तपासणी करून घेतली. हृदयाची सोनोग्राफी, ज्याला सगळे इको म्हणतात. पंधरा मिनिटं, पोटावर लावतात तसलाच गार लेप, छातीवर फिरणारा दांडा. तिचं सगळं नॉर्मल निघालं. घरी येताना तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला नुसता संताप येत होता. पंधरा मिनिटं! ना चिरफाड, ना सुई. यासाठी ताई गेली?

छोटी वाचनालयात परत आलेली पुस्तकं लावत होती. पोट आता दिसायला लागलं होतं, तरी हात वरच्या फळीला सहज पोचत होते. मधलीनं सगळं सांगितलं. छोटीनं एक पुस्तक चुकीच्या जागी ठेवलं, मग ते काढून बरोबर जागी ठेवलं.

"तू काळजी करतच जन्माला आलीस," ती म्हणाली. "गोटी शिंकली तरी तू शिंका मोजतेस."

"छोटे, हे शिंकेबद्दल नाहीये."

"मला काहीही होत नाहीये. सासूबाई म्हणतात, इतकी ठणठणीत गर्भारशी बघितली नाही. आणि मला त्या गोष्टी नको आहेत डोक्यात. ताईबरोबर बाळ गेलं, ते मला रोज सकाळी आठवतं. तू आणखी आईला त्यात आणून बसवू नकोस."

"एक तपासणी कर. नॉर्मल निघालं की वर्षभर मला काकूबाई म्हणून हाक मार, चारचौघांत."

"ती मी आत्ताही मारते."

पण ती आली. येणार नाही असं म्हणायला तिला जमलं नसावं. तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणाला, "अगं, आमची बससुद्धा दर महिन्याला वर चढवून खालून बघतात. तू तर माणूस आहेस." मधलीला त्याला मिठी मारावीशी वाटली.

मग सुरू झाली खरी वारेमाप कटकट.

गर्भवतींच्या तपासणी विभागात बीपी मापायची खुर्ची भिंतीला लागून, जमिनीत खिळे ठोकून बसवलेली होती. यंत्र उजव्या बाजूला. त्यामुळे या गावातल्या यच्चयावत गर्भारशींचं बीपी उजव्याच हाताचं घेतलं जायचं. मधलीनं वाचलं होतं की महाधमनी चिरली तर दोन हातांचं बीपी वेगवेगळं येऊ शकतं. तिनं सिस्टरना डाव्या हाताचंही घ्यायला सांगितलं.

"एका माणसाला एकच बीपी असतं हो," सिस्टर म्हणाल्या. "डावीकडे भिंत आहे. पुढची!"

तरुण डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवरून मान वर न करता विचारलं, "काही त्रास? नाही. बीपी नॉर्मल. बाळाची वाढ छान. पुढच्या महिन्यात या."

मधलीनं फोनमधला अहवालाचा फोटो पुढे केला.

"फोनवरचं मी नोंदवू शकत नाही. मूळ प्रत आणा."

मूळ प्रत आणायला एक आठवडा गेला, कारण विभाग फक्त बुधवारी. मूळ प्रत दाखवल्यावर चिठ्ठी मिळाली, हृदयविभागाची. हृदयविभागात खिडकीतल्या बाबूनं चिठ्ठी पाहिली, अहवाल पाहिला.

"यावर आडनाव वेगळं आहे."

"ताईचं सासरचं आहे ते. ही तिची बहीण."

"त्याचा काही पुरावा?"

"आमची नाकं बघा ना!" छोटी म्हणाली.

"नाकावर शिक्का नसतो, ताई." बाबू काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तारखांची वही उलटीसुलटी करून पाहिली. "इकोची तारीख सदतीस दिवसांनी. तातडीची हवी असेल तर डॉक्टरांना चिठ्ठीवर 'तातडीचे' असं लिहायला सांगा."

सदतीस दिवसांनी छोटीचा नववा महिना सुरू झालेला असणार. मधलीनं बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. पुढच्या बुधवारी पुन्हा रांग, पुन्हा ती खिळे ठोकलेली खुर्ची, पुन्हा उजवा हात.

"तातडीचे असं मी नुसतंच कसं लिहू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि बाहेर साठ बायका बसल्या होत्या. "त्याच्यापुढे कारण लिहावं लागतं. पेशंटला तक्रार नाही. बीपी नॉर्मल. अहवालात 'असू शकतो' म्हटलंय, 'आहे' नाही. मला पेशंटमध्ये काहीतरी सापडायला हवं ना, लिहिण्यासारखं. तसंच लिहिलं तर वरून चिठ्ठी परत येते."

"म्हणजे तिला दुखायला लागलं की लिहाल?"

"असं नका बोलू."

"मग कसं बोलू, ते तरी सांगा! गोड बोलून झालं, कागद आणून झाले. दुखायला लागल्यावर दोन तास मिळतात हो, मॅडम. तुमची खिडकी उघडायला तीन लागतात!"

बाकावरच्या बायका माना वळवून बघायला लागल्या. छोटी पुटपुटली, "चल ना गं, लाज वाटते." आणि मग, दाराबाहेर आल्यावर, भिंतीला हात टेकून, "तसं कालपासून पाठीत जरा भरून आल्यासारखं आहे. तू आकाशपाताळ एक करशील म्हणून बोलले नव्हते."

मधली गर्रकन वळली. "कुठे? मधोमध?"

"खाली. कमरेत. पुस्तकांचे गठ्ठे उचलले होते, त्याचं असेल."

असेल. तेच ते 'असेल'. अ‍ॅसिडिटी असेल, वात असेल, गठ्ठे असतील. मधलीनं छोटीला बाकावर बसवलं, "इथून हलू नकोस, लघवीलासुद्धा सांगून जा," असं बजावलं, शेजारच्या बाईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि रस्ता ओलांडून दुकानात शिरली.

गोटी आजोबांच्या पायाशी चिंध्यांशी खेळत होती. बाबा इस्त्री करत होते.

"त्यांना लिहायला काहीतरी हवंय!" मधली ओरडली. "आई मेली, ताई मेली, ते पुरत नाही! पेशंटमध्ये काहीतरी सापडायला हवं म्हणे! आणि तुम्ही इथे कोटांना इस्त्री करा. आयुष्यभर सगळं बघायचं, सगळं लिहायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. आईच्या पाठीचं बोलला नाहीत. पाकीट उघडलं नाहीत. काय आहे तरी काय त्या वहीत, देव जाणे!"

तिनं घरच्या मापांची वही ओढली, आपटण्यासाठीच खरं तर. ती मधेच उघडली. ताईचं पान होतं. उंची एकोणसत्तर इंच. बाही सव्वीस. तिची नजर तिथेच खिळली. या आजाराबद्दल तिनं जे वाचलं होतं त्यात एक ओळ होती, जी तिनं दहादा वाचून दहादा सोडून दिली होती. पसरलेल्या दोन हातांची लांबी उंचीपेक्षा बरीच जास्त. घरात माप घेणारा माणूस असून तिच्या डोक्यात आलं नव्हतं. कसं येणार? त्या घरात लांब बाही ही बातमीच नव्हती. तिच्यासाठी फक्त कापड जास्त घ्यायचं असतं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "एकोणसत्तर उंचीच्या बाईला बाही किती लागते? नेहमीच्या बाईला?"

"तेवीस. फार तर साडेतेवीस."

"आणि आईला?"

बाबांनी वहीकडे पाहिलंही नाही. "साडेसव्वीस," ते म्हणाले. सत्तावीस वर्षांत त्यांनी ते माप पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण उच्चारल्यावर ते स्वतःच दचकले. "उंची सत्तर. बाही साडेसव्वीस. मी म्हणायचो तिला, तुझ्यासाठी ताग्याला पुरवणी लागते."

इस्त्री त्यांनी उभी करून ठेवली, प्लग काढला. गळ्यातली टेप गळ्यातच राहू दिली. वही काखेत मारली, गोटीला कडेवर घेतलं आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदा रस्ता ओलांडला. एका रिक्षावाल्यानं शिवी दिली. बाबांना ती ऐकूही आली नसावी.

तपासणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव होता. सिस्टर आडव्या आल्या. बाबांनी त्यांच्या गणवेशाकडे एक नजर टाकली. "काखेत घट्ट होतोय ना? सांगायला संकोच वाटला असेल. घेऊन या, सैल करून देतो." सिस्टर बाजूला झाल्या.

"आजोबा, तुम्ही इथे?" डॉक्टरीणबाईंनी त्यांना ओळखलं. त्यांच्या अंगावरचा कोट समोरच्या दुकानातलाच होता.

बाबांना एकदम बोलता येईना. तीस वर्षांचं कुलूप ते. त्यांनी वही उघडली, बंद केली. मग म्हणाले, "मॅडम, तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे."

मधलीनं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं, म्हातारा कामातून गेला.

"मी बोललो नाही कधी," बाबा पुढे म्हणाले. "आत गादी घालून दिली. तुम्हाला कोट बरोबर बसतो आणि खांद्याचं कळतही नाही. आम्ही असंच करतो. पण आज बोलतो. ही माझी बायको." त्यांनी पान उघडलं. "उंची सत्तर, बाही साडेसव्वीस. बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी गेली. ही माझी थोरली. एकोणसत्तर, बाही सव्वीस. आठव्या महिन्यात गेली. ही धाकटी. एक्काहत्तर, बाही सत्तावीस. ती बाहेर बाकावर बसली आहे. मी तिघींच्या बाह्या वाढवल्या. मला वाटलं, माझं काम झालं."

डॉक्टरीणबाईंचा हात नकळत आपल्या डाव्या खांद्यावर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. "त्यांना आत बोलवा," त्या म्हणाल्या, आणि बाबांपुढे हात केला. "टेप द्या."

छोटीला भिंतीला टेकवून उभं केलं. हात आडवे पसरायला सांगितले. खोली लहान, तिचा एक पंजा औषधांच्या कपाटाला लागला आणि दुसरा दाराबाहेर जायला निघाला. सिस्टर हसल्या, मग हसू आवरलं. या बोटापासून त्या बोटापर्यंत शहात्तर इंच. उंची एक्काहत्तर.

"अंगठा वाकवा बरं असा. सांधे किती सैल आहेत बघू."

छोटीनं अंगठा मनगटाला टेकवला. पहिल्यांदाच तो टेकवताना ती हसली नाही.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवर भराभर चार ओळी लिहिल्या. मग सिस्टरना म्हणाल्या, "त्या खुर्चीत उलटं बसवा, पाठ पुढे, तोंड मागे. डाव्या हाताचंही बीपी हवंय मला." दोन्ही हातांचं सारखंच आलं. निदान चिरल्याची ती एक खूण तरी नव्हती. त्यांनी चिठ्ठीवर 'तातडीचे' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. "तीन बुधवार," त्या मधलीकडे न बघता म्हणाल्या. "तुम्ही तीन बुधवार येत होता." मधलीला त्यावर बरंच बोलायचं होतं. ती फक्त "हो" म्हणाली.

त्याच दुपारी इको झाला. महाधमनी मुळाशी जितकी रुंद असायला हवी त्यापेक्षा खूपच रुंद झाली होती, ताणून ताणून विरत आलेल्या कापडासारखी. इको करणारा डॉक्टर पडद्याकडे बघत राहिला आणि त्यानं विचारलं, "हे आजवर कुणी बघितलं नाही?" हा प्रश्न कुणाला होता कोण जाणे. पंधरा मिनिटं लागली. मधलीनं घड्याळ लावलं होतं.

छोटीला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. बीपी खाली ठेवायच्या गोळ्या, गठ्ठे उचलणं बंद आणि वरची फळीही बंद. पुढे पाच आठवड्यांनी, हृदयाचे शल्यविशारद शेजारच्या खोलीत तयार ठेवून, पोट चिरून बाळ काढलं. मुलगा झाला, इवलासा, काचेच्या पेटीत ठेवलेला, पण रडण्याचा आवाज बसच्या हॉर्नसारखा, असं त्याच्या बापाचं म्हणणं. बाराव्या दिवशी मधली सकाळपासून छोटीच्या खाटेशी बसून होती. बाबा दाराशी उभे होते. संध्याकाळ झाली तशी छोटी म्हणाली, "काकूबाई, आता तरी श्वास मोजणं थांबव."

पुढच्या महिन्यात छोटीचं ऑपरेशन झालं. विरलेला भाग काढून तिथे कापडाचीच नळी शिवली. खरोखरच विणलेल्या कापडाची. बाबांनी शल्यविशारदांना दोनदा विचारलं, टाका कुठला घालता, दोरा कसला. ते बिचारे सांगत बसले. छोटीच्या मुलालाही दरवर्षी तपासायचंय. त्याची बोटं लांब आहेत.

सगळं सुखाचं झालं असं लोक म्हणतात. मधलीचा राग मात्र उतरत नाही. खिळे ठोकलेली ती खुर्ची अजून तिथेच आहे. ताईच्या वेळी गार दूध सांगणारी तीही अजून इथेच आहे.

आता बाबा मापं बोलतात. अजून कुजबुजतच, पण बोलतात. रिकाम्या वेळी जुन्या वह्या काढून एकेक पान बघतात, आणि मधली शेजारी बसून आईच्या माहेरची नावं शोधते. परवा नऊ वर्षांपूर्वीचं एक पान सापडलं. मावशीच्या मुलीचं. तिनं घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून मावशीनं तिचं नाव टाकलं, फोटो फाडले, पत्ता ठेवला नाही. जाण्याआधी ती बाबांकडून एक कोट शिवून घेऊन गेली होती. उंची सत्तर. बाही साडेसव्वीस. आईचंच माप, तसंच्या तसं.

मधलीनं शोधायचं तेवढं शोधलं. जुना फोन बंद आहे. मावशी "ती मला मेली" म्हणते आणि दार लावून घेते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मधली विचारते, सिस्टरना, डॉक्टरांना, कोट न्यायला येणाऱ्या शिपायालाही. आता तुम्ही इथवर वाचलंच आहे, तर तुम्हालाही विचारते. तिशीतली बाई आहे. उंच, जाड चष्मा, बाह्या नेहमी मनगटाच्या वर राहतात म्हणून त्या दुमडूनच वावरते. हसताना तोंडावर हात धरते. शिवण तिला अजिबात येत नाही, बटणसुद्धा उलटं लावते. कदाचित तुमच्या मजल्यावर राहत असेल, तुमच्या शाळेत शिकवत असेल, रांगेत तुमच्या पुढे उभी असेल. ती नसली तरी तिच्यासारखी कुणीतरी असेलच. आज जरा जाऊन बघा. बरी आहेस ना, म्हणून विचारा, आणि "हो" म्हणाली तरी लगेच उठू नका. तिला दिवस गेलेत का, आईकडचं कुणी अचानक गेलं होतं का, ते विचारा. हृदयाचा इको करून घे म्हणावं, पंधरा मिनिटं लागतात. आणि पाठीत काही फाटल्यासारखं झालं असं ती कधी म्हणाली, तर दूध गरम आहे की गार याच्या भानगडीत पडू नका, तिला उचला आणि न्या.

मावशी सोडली तर घरचं कुणी रागावलेलं नाही, एवढंही सांगा तिला. बाबांनी कोटाचं कापड काढून ठेवलंय.